मोठ्या संख्येचे अवयव काढताय? या चुका टाळा

१४७५७३९५२५८९६७६४१२९२७ ही संख्या कॉपी करून एक्सेलमधे पेस्ट करा आणि वर फॉर्म्युला बारमधे बघा, १४७५७३९५२५८९६७६०००००० दिसेल. शेवटचे सहा अंक गेले! एक्सेल १५ च अंक धरून ठेवतं, पुढे सगळी शून्यं. म्हणजे शेवटी ७ असलेली विषम संख्या सम झाली, तिला १० ने पण निःशेष भाग जायला लागला आणि आपण बसलोय तिचेच अवयव शोधत. माझा अख्खा दिवस यात गेलाय म्हणून हे सगळ्यात आधी सांगतोय. पेस्ट करायच्या आधी सेलचा फॉरमॅट टेक्स्ट करा, अंक तरी शाबूत राहतील, पण आकडेमोड तिथे करूच नका.

पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा घेतली तर उत्तम, तिथे पूर्णांक कितीही मोठा चालतो, फक्त भागाकाराला एकच स्लॅश देऊ नका कारण मग उत्तर फ्लोट, म्हणजे ठराविकच अंक धरणारी दशांश संख्या, होतं आणि २ च्या ५३ व्या घातापुढच्या फ्लोटमधे दशांश चिन्हानंतर काही उरतच नाही, त्यामुळे ३ ने भागलं तरी उत्तर पूर्णांकच दिसतं. हाताने बघा ना, अंकांची बेरीज १०९ येते, म्हणजे ३ ने भागल्यावर बाकी १. तेव्हा पर्सेंटचं चिन्ह वापरून बाकीच काढा, भागाकार हवा असेल तर डबल स्लॅश.

आता मोठी चूक. ही संख्या म्हणजे २ चा ६७ वा घात वजा १. छोट्या छोट्या मूळ संख्यांनी भाग जात नाही, मग असणार मूळ, असं म्हणून लोक मोकळे होतात. फ्रेंच गणितज्ञ मर्सेनने १६४४ मधे ती मूळ संख्यांच्या यादीत धरली होती! दुसरा फ्रेंच गणितज्ञ ल्युकासने १८७६ मधे ती मूळ नाही हे सिद्ध केलं, तेही एकही अवयव हातात नसताना, आणि अवयव १९०३ मधे अमेरिकन गणितज्ञ फ्रँक कोलने दाखवले, १९३७०७७२१ गुणिले ७६१८३८२५७२८७. लहान अवयवच १९ कोटींच्या वर, आणि वर्गमूळ तर सुमारे १२१५ कोटी, म्हणून सरसकट भागत बसू नका, आधी संख्येची घडण बघा. २ चा घात वजा १ असेल आणि घातांक विषम मूळ संख्या असेल तर प्रत्येक मूळ अवयवाला घातांकाच्या दुपटीने भागल्यावर बाकी १ च उरते. इथे दुप्पट १३४. करून बघा, १३४ गुणिले १४४५५८० अधिक १, बरोब्बर १९३७०७७२१. मला हे फार सुंदर वाटतं.

विभाजक मोजताना १ आणि ती संख्या स्वतः राहून जाते. इथे मूळ अवयव दोन पण विभाजक चार. तसंच ४ ने आणि ६ ने भाग जातो म्हणून २४ ने जाईलच असं धरू नका, १२ ने नक्की जातो एवढंच.

अवयव मिळाले की ९ ची बाकी ताडून बघा. दोन्ही अवयवांच्या अंकांच्या बेरजा ३७ आणि ६४, दोन्हींची बाकी १, आणि १०९ ची पण १, जुळलं. पण टाइप करताना शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले तर ९ ची कसोटी ते पकडत नाही, ११ ची (एकाआड एक अंकांच्या दोन बेरजांमधला फरक बघायची) पकडते, म्हणून तीही करा.