आंब्याच्या कोयीपासून ब्रॉयलर कोंबड्यांचे खाद्य

रत्नागिरी-सिंधुदुर्गात मे महिना सरत आला की कॅनिंगच्या कारखान्यांमागे कोयींचे ढीग साचतात आणि पावसाचे पाणी लागताच ते कुजू लागतात. कोयीच्या आतील गरात प्रथिने 6 ते 8 टक्के, म्हणजे मक्याच्या जवळपास असतात, शिवाय पिष्ट आणि स्निग्धांशही भरपूर असतो. त्यामुळे ब्रॉयलरच्या, म्हणजे मांसासाठी वाढवलेल्या कोंबड्यांच्या, खाद्यातील थोडा मका त्यावर भागवता येतो. अडचण टॅनिन या तुरट द्रव्याची आहे. कच्चा गर घातला, तर पक्ष्यांची वाढ खुंटते.

कोयी त्याच दिवशी आणून धुवाव्यात आणि कडक उन्हात वाळवून फोडाव्यात. बुरशी धरलेला किंवा भुंगा लागलेला गर फेकून द्यावा. कोयत्याचे पाते लागते तिथे गर काळानिळा पडतो, तो लोखंडाशी टॅनिनचा संयोग झाल्यामुळेच. म्हणून उकळण्यासाठी लोखंडी कढई न घेता स्टीलचे पातेले घ्यावे. गराचे तुकडे रात्रभर भिजवून ते पाणी टाकावे, नव्या पाण्यात अर्धा तास उकळावे आणि तपकिरी झालेले हे पाणीही ओतून द्यावे. मग एक तुकडा चावून पाहावा. जीभ आवळून आली, तर पुन्हा उकळावा.

सर्वांत जास्त काळजी उकळलेला गर वाळवण्यात घ्यावी लागते, कारण मृगाचा पाऊस तोंडावर असतो आणि ओलसर राहिलेल्या गरात वाढणाऱ्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन तयार झाले, तर ते विष नंतर उकळूनही जात नाही. तुकडा वाकला तर ओल आहे, कटकन मोडला तरच तो पोत्यात भरावा. स्निग्धांशामुळे पिठाला लवकर खवट वास येतो, म्हणून साठवण तुकड्यांचीच करावी आणि लागेल तेवढेच दळावे.

पिलांना हे खाद्य देऊ नये. तीन आठवड्यांनंतरच्या फिनिशर (शेवटच्या टप्प्यातील) खाद्यात, 100 किलोमागे 5 किलो मका कमी करून तेवढेच कोयीचे पीठ मिसळावे. सोयाबीन पेंड मुळीच कमी करू नये. करारावर पक्षी सांभाळणाऱ्यांना खाद्य कंपनीकडून येते, त्यामुळे त्यांनी परस्पर काही मिसळू नये. इतरांनीही आधी वीसेक पक्षी वेगळे काढून त्यांना हे खाद्य द्यावे, दर आठवड्याला त्यांचे वजन बाकीच्या पक्ष्यांशी ताडून पाहावे आणि ते मागे पडू लागले, तर मिश्रण लगेच थांबवावे.