फुप्फुसाच्या ऑपरेशननंतर: आधी श्वास, मग घाटी

ऑपरेशननंतर हातात येणारं तीन चेंडूंचं स्पायरोमीटर, म्हणजे श्वासाच्या व्यायामाचं उपकरण, बरेच जण फुंकतात. ते ओढायचं असतं. ताठ बसा, श्वास सावकाश बाहेर सोडा, नळी ओठांत घट्ट धरा आणि तोंडाने हळूहळू हवा आत घ्या. चेंडूंवरचे ६००, ९००, १२०० हे आकडे सेकंदाला किती मिलिलिटर हवा आत जाते ते सांगतात, म्हणजे फक्त वेग. झटका देऊन तिन्ही चेंडू उडवले की खांदे वर चढतात आणि फुप्फुसाचा तळ मिटलेलाच राहतो. त्यापेक्षा एकच चेंडू तीन सेकंद तरंगत ठेवा, मग तीन सेकंद श्वास रोखा. जागेपणी दर तासाला असं दहा वेळा करा, पण पाच झाले की मध्ये विसावा घ्या. घाईने ओढत राहिलात तर कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर पडतो आणि गरगरतं.

डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामक गोळी घेतल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने व्यायामाला बसा. दुखेल म्हणून खोकला दाबू नका, कारण कफ साचून न्यूमोनिया होतो तो इथेच. उशी जखमेवर घट्ट दाबा, दोन-तीन खोल श्वास घ्या आणि आरशावर वाफ धरतो तसा तोंड उघडून 'हाः' करा. कफ वर सरकला की मगच खोका.

स्नायूंची ताकद वाढवणारं स्प्रिंगचं उपकरण ही वेगळी गोष्ट. छातीतली नळी निघाली, हवेची गळती थांबली, एक्स-रे पाहून सर्जननी होकार दिला, की मगच ते हाती घ्यावं. आधी फिजिओथेरपिस्टकडून श्वास ओढण्याचा कमाल दाब मोजून घ्या. तो ६० सेंटिमीटर पाणी (हे दाबाचं एकक) असेल तर सुरुवात त्याच्या ३० टक्क्यांनी, म्हणजे १८ वर. नाकाला चिमटा लावून दिवसातून दोनदा ३० श्वास. श्वास जोराने आत, सावकाश बाहेर. दहापैकी चार-पाच इतका जोर लागला पाहिजे. तो तीनच्या खाली आला की दाब थोडा वाढवा. कानाचा पडदा फाटलेला असेल, किंवा पूर्वी फुप्फुसाबाहेर हवा साचली असेल, तर ते आधीच सांगा. गोव्याच्या पावसाळ्यात हे उपकरण ओलं पिशवीत गेलं तर बुरशी धरतं. कोमट साबणपाण्याने धुऊन झटका आणि पंख्याखाली पूर्ण सुकवा. उकळू नका, व्हॉल्व्ह वाकतो.

चालणं पहिल्या दिवसापासून, वॉर्डातच. घरी आल्यावर पाच-पाच मिनिटं अंगणात, दिवसातून चार-पाच वेळा. पुढे पणजीला असाल तर मिरामार किनाऱ्यालगतचा पदपथ बरा. भुसभुशीत वाळूत पाय रुततात, दम दुप्पट लागतो. चालताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. बोटावरच्या ऑक्सिमीटरवर आकडा ९० च्या खाली गेला तर थांबा. घाटी किंवा जिना चढताना पाऊल टाकताना श्वास सोडा.

ज्या बाजूला ऑपरेशनची चीर आहे त्या बाजूचा हात आपण नकळत जपतो आणि खांदा आखडतो. भिंतीवर बोटं चढवत रोज दहा वेळा हात वर न्या. पण छाती मोठी उघडली असेल तर साधारण सहा ते आठ आठवडे चार-पाच किलोंपेक्षा जास्त उचलू नका. भरलेली कळशी आणि गॅसचा सिलिंडर तर नकोच. या काळात चवथ आली तर गणपतीच्या वर टांगायची फळा-पानांची माटोळी दुसऱ्यांना बांधू द्या. ओझं घेऊन हात डोक्यावर नेणं अजून लवकरच आहे.

नुसत्या पेजेवर स्नायू भरत नाहीत. सोबत अंडं, मासळी किंवा मूग हवेतच.

अचानक धाप, पोटरीला सूज, खोकल्यातून रक्त, ताप, जखमेतून पू, किंवा मानेवरची कातडी दाबल्यावर आत कुरकुर लागली, तर सकाळची वाट पाहू नका. धाप अचानक वाढली असेल तर सरळ १०८ ला फोन करा.