ओपन सोर्स ॲपला कोड पाठवताय? या चुका टाळा

एका छोट्या ओपन सोर्स (कोड सगळ्यांना खुला असलेल्या) अँड्रॉइड ॲपचे पीआर, म्हणजे लोकांनी "हा बदल घ्या" म्हणून पाठवलेला कोड, मी रात्री जेवणं उरकल्यावर बघतो, पगार नाही काही नाही, आणि दर वेळी त्याच त्याच गोष्टी लिहून कंटाळा आलाय म्हणून एकदाच इथे लिहून टाकतो.

सगळ्यात जास्त डोकं फिरवणारी चूक म्हणजे "माझ्या फोनवर चालतंय की". तुमचा फोन इंग्लिशमध्ये असतो हो! आमच्याकडे एकाने सिंकच्या, म्हणजे फोन आणि सर्व्हरवरचा डेटा जुळवण्याच्या, कोडमध्ये तारीख बनवायला साधं स्ट्रिंग डॉट फॉरमॅट वापरलं, वर्ष-महिना-दिवस, सरळ पर्सेंट-डी (इथे आकडा छाप, अशी खूण). दिसायला स्वच्छ, टेस्ट पास, मर्ज झालं, म्हणजे मुख्य कोडमध्ये गेलं. मग तक्रार आली की सिंक होत नाही. आम्ही चार जण बघतोय, कोणाकडेच हा घोळ होईना, शेवटी त्या युजरने लॉग पाठवला तेव्हा कळलं की सर्व्हरला तारीख चाललीय "२०२४-०३-०५" अशी, देवनागरी आकड्यांत! फोन मराठीत ठेवला होता त्याने, बस. लोकेल, म्हणजे कुठली भाषा-प्रदेश धरायचा ते, दिलं नाही तर फॉरमॅट फोनच्या भाषेचे आकडे उचलतो, आणि मराठी, नेपाळीचे डीफॉल्ट आकडे देवनागरी आहेत, हिंदीचे नाहीत, त्यामुळे हिंदीत टेस्ट करून "भारतीय भाषेत बघितलं" म्हणणाऱ्यालाही हे सापडत नाही. स्क्रीनवर दाखवायचं असेल तर देवनागरी आकडे छानच, पण सर्व्हर, डेटाबेस, फाइलचं नाव, इथे लोकेल डॉट रूट (कुठल्याच भाषेचं नसलेलं लोकेल) द्या. लिंट, म्हणजे कोडमधल्या संभाव्य चुका दाखवणारं टूल, याची वॉर्निंग देतं. लोक ती सप्रेस करतात, कारण पिवळा रंग आवडत नाही. मी आता प्रत्येक पीआर एकदा फोन मराठी करून आणि एकदा अरबी करून चालवतो, अरबीत उजवीकडून डावीकडे मांडणी कुठे फुटते तेही दिसतं.

दुसरी, दोन ओळींचा फिक्स आणि डिफ, म्हणजे बदललेल्या ओळींची यादी, आठशे ओळींचा. काय केलं? तर कंट्रोल-ऑल्ट-एल दाबून अख्खी फाइल फॉरमॅट केली, वर इम्पोर्ट पण लावून घेतले. आता यात तुझा बदल कुठला ते मी शोधत बसू का? वर उद्या कोणी ब्लेम (कुठली ओळ शेवटी कोणी बदलली ते) बघितलं तर प्रत्येक ओळीवर तुझं नाव. माझी सवय विचाराल तर गिट ॲड डॅश पी ही कमांड, बदलाचा एकेक तुकडा वाचून हो-नाही करायचं, वेळखाऊ आहे पण अर्धी घाण तिथेच गळते. शॉर्टकट शोधणाऱ्यांना हे पटत नाही, मग रिव्ह्यूला महिना लागला की तेच बोंबलतात.

अँड्रॉइड स्टुडिओने ग्रेडल प्लगइन (कोडचं ॲप बनवणारं, म्हणजे बिल्ड करणारं) अपग्रेड करू का विचारलं म्हणून हो म्हणू नका. आठव्या व्हर्जनला जेडीके (जावाचं डेव्हलपमेंट किट) १७ लागतं, आणि बटण दाबण्याच्या चुकीने सगळ्यांचे बिल्ड का बंद पाडायचे?

ॲप एफ-ड्रॉइडवर (मुक्त, ओपन सोर्स ॲप्सचं स्टोअर) असेल तर क्रॅशलिटिक्स (गूगलचं क्रॅश नोंदवणारं टूल) वगैरे घालू नका, तिथे मुक्त नसलेली लायब्ररी चालत नाही.

मराठी भाषांतर सुधारायचंय? उत्तम, पण आधी बघा की प्रोजेक्ट वेबलेट किंवा क्राउडिन अशी भाषांतराची वेबसाइट वापरतो का, वापरत असेल तर तिथेच करा. आणि कृपा करून मशीनकडून करून घेऊन चिकटवू नका, पर्सेंट-एस (ॲप चालताना शब्द भरायची जागा) यातल्या पर्सेंट आणि एसच्या मध्ये स्पेस पडली तरी ॲप क्रॅश होऊ शकतं.

फोर्कच्या (प्रोजेक्टच्या आपल्या प्रतीच्या) मेन ब्रँचवरच काम, की-स्टोअर (ॲपवर सही करायच्या गुप्त किल्ल्यांची फाइल) कमिट करणं, रीडमीत (प्रोजेक्टच्या माहितीच्या फाइलमध्ये) स्वतःचं नाव घालणं... यावर काय बोलायचं. २०२० च्या हॅक्टोबरफेस्टमध्ये (ऑक्टोबरात ठरावीक पीआर पाठवले की बक्षीस देणारा उपक्रम) टी-शर्टसाठी लोकांनी असल्या पीआरचा इतका पाऊस पाडला की शेवटी आयोजकांना नियम बदलून, ज्या रेपोला (प्रोजेक्टला) भाग घ्यायचाय त्यानेच तसं सांगायचं, असं करावं लागलं.

"सर प्लीज असाइन मी", म्हणजे हे काम मला द्या, असं लिहून गायब होऊ नका. आधी बिल्ड करा, बग स्वतः घडवून बघा, मग इश्यूवर (त्या बगच्या नोंदीवर) दोन ओळी लिहा की काय सापडलं, असाइन आपोआप होतं. आणि पीआर टाकून दोन तासांत "एनी अपडेट?" नको. मी शनिवारी बघतो. या शनिवारी नाही जमलं तर पुढच्या.