सुचलेलं आधी बोलून ठेवा, लिहायचं रात्री

लिहायला वेळच मिळत नाही असं म्हणणाऱ्यांसाठी ही एक सवय सांगतो, मला तिचा खूप उपयोग झालाय. सुचतं ते नेमकं एसटीत उभं असताना, केळीला पाणी देताना नाहीतर भरताची वांगी भाजताना, आणि वही काही जवळ नसते. तेव्हा मोबाईलचा रेकॉर्डर चालू करायचा आणि जसं डोक्यात आलंय तसंच बोलून टाकायचं, अर्धा मिनिट पुरे. अहिराणीत सुचलं तर अहिराणीतच बोला, "काय करी ऱ्हायना" ची प्रमाण मराठी तिथल्या तिथे करायला गेलात की त्यातली लय जाते.

आपल्या जळगावजवळच्या आसोद्याच्या कवयित्री बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं, काम करता करता त्या ओव्या म्हणायच्या आणि मुलगा सोपानदेव आणि त्याचा मावसभाऊ त्या उतरवून घ्यायचे, म्हणून तर 1952 ला, त्या गेल्यावर वर्षभराने, पुस्तक निघू शकलं. उतरवून घेणारं कोणी नसतं तर काय राहिलं असतं, विचार करून बघा!

आता महत्त्वाचं म्हणजे रेकॉर्डिंग त्याच रात्री ऐकून वहीत उतरवायचं, चार ओळी झाल्या तरी चालेल, पण उद्यावर टाकू नका कारण आठवड्याने ऐकलं की आपलाच आवाज कशाबद्दल बोलतोय ते कळत नाही. उतरवताना दुरुस्ती अजिबात नको, ती रविवारी निवांत करा. मेमध्ये दुपारी तसंही कुठे बाहेर पडता येतं, तो वेळ त्यालाच द्या.