फ्रेंच वसाहतवादाचा अभ्यास एका राजाज्ञेपासून कसा सुरू करावा

फ्रान्सच्या ताब्यात कोणकोणते प्रदेश होते याची यादी पाठ केली, तरी तिथली सत्ता प्रत्यक्षात कशी चालत होती हे कळत नाही. म्हणून नवख्या अभ्यासकाने आधी एकच वसाहत निवडावी आणि तिच्यासंबंधीचा एकच कागद बारकाईने वाचावा. माझ्या मते त्यासाठी फ्रान्सच्या दहाव्या शार्ल राजाने १७ एप्रिल १८२५ रोजी हैतीविषयी काढलेल्या राजाज्ञेइतका बोलका कागद क्वचितच सापडेल.

वाचण्यापूर्वी थोडी पार्श्वभूमी लक्षात घ्यावी. कॅरिबियन समुद्रातील हिस्पॅनिओला बेटाचा पश्चिम भाग (आजचा हैती) १६९७ च्या तहाने स्पेनकडून फ्रान्सला मिळाला आणि ‘सँ-दोमँग’ या नावाने साखर व कॉफी पिकवणारी ती फ्रान्सची सर्वांत संपन्न वसाहत ठरली. १७८९ च्या सुमारास तिथे आफ्रिकेतून आणलेले आणि त्यांच्या वंशात जन्मलेले मिळून सुमारे पाच लाख गुलाम होते. ऑगस्ट १७९१ मध्ये त्यांनी उठाव केला, नेपोलियनने धाडलेल्या फौजेचाही पराभव केला आणि १ जानेवारी १८०४ रोजी त्यांचा सेनानी देसालीन याने हैतीचे स्वातंत्र्य जाहीर केले.

आता राजाज्ञेची भाषा पाहावी. एकवीस वर्षे स्वतंत्र असलेल्या या देशाला राजा ‘हैती’ म्हणतच नाही. ‘सँ-दोमँगच्या फ्रेंच भागातील सध्याच्या रहिवाशांना’ तो अटी घालून स्वातंत्र्य ‘देऊ करतो’. फ्रेंच जहाजांना निम्मे जकातशुल्क आणि माजी मळेमालकांना १५ कोटी फ्रँकची भरपाई, या त्या अटी होत. गुलामगिरीचा शब्दही त्यात नाही. कागदात काय लिहिले आहे याइतकेच काय लिहायचे टाळले आहे, हेही वहीत टिपून ठेवावे. शिवाय हा कागद युद्धनौकांच्या ताफ्यासह हैतीची राजधानी पोर्ट-औ-प्रिन्सला पोहोचला आणि हैतीचे राष्ट्राध्यक्ष ब्वाये यांनी तोफांच्या छायेत तो स्वीकारला, हे विसरू नये.

त्यानंतर पैशाचा माग काढावा. माझ्या अनुभवात वसाहतीचे खरे स्वरूप इथेच सर्वाधिक स्पष्ट होते. भरपाई पाच समान हप्त्यांत द्यायची होती, म्हणजे पहिलाच हप्ता ३ कोटींचा. तो भरण्यासाठी हैतीने पॅरिसमध्येच ३ कोटींचे कर्ज काढले, पण हाती पडले २ कोटी ४० लाख. व्याज मात्र पूर्ण रकमेवर. भरपाई आणि ती भागवण्यासाठीचे कर्ज असा दुहेरी बोजा त्या देशावर बसला. १८३८ मध्ये उरलेली भरपाई ६ कोटींवर आणली गेली, तरी या व्यवहारातून उपजलेली देणी विसाव्या शतकापर्यंत हैतीची तिजोरी रिकामी करत राहिली. भरपाईच्या हिशोबात गुलाम ही मळेमालकांची मालमत्ता धरली होती. म्हणजे स्वतःला मुक्त करून घेतलेल्या माणसांनीच स्वतःची किंमत चुकती करावी, असा तो व्यवहार होता.

गुलामगिरीविषयीच्या फ्रेंच कायद्यांच्या तारखा सरळ रेषेत मांडण्याचा मोह टाळावा. १६८५ च्या ‘कोद न्वार’ या गुलामांविषयीच्या कायद्याने गुलामांना जंगम मालमत्ता ठरवले, १७९४ मध्ये क्रांतिकारी फ्रान्सने गुलामगिरी रद्द केली, १८०२ मध्ये नेपोलियनने ती पुन्हा लादली, अखेरची मुक्ती आली ती १८४८ मध्ये. १७९४ वरच थांबणारे वर्णन अर्धे राहते.

सरकारी कागदांच्या शेजारी हैतीच्या लोकांचे लेखन ठेवणे अत्यावश्यक आहे. देसालीनच्या स्वातंत्र्यघोषणेची छापील प्रत २०१० मध्ये लंडनमधील क्यू येथील ब्रिटिश राष्ट्रीय अभिलेखागारात सापडली. बारोन द वास्ते या हैतीच्या लेखकाने १८१४ मध्येच मळेमालकांची नावे घेऊन त्यांचे अत्याचार नोंदवले होते. फ्रेंच बाजूचे वसाहतकालीन दफ्तर दक्षिण फ्रान्समधील एक्स-आँ-प्रोव्हाँस येथे आहे, तर बरेच छापील साहित्य फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ‘गालिका’ या संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येते.

एवढे झाल्यावर हेच प्रश्न घेऊन अल्जीरियाकडे वळावे. तिथे १८३० मध्ये आरमार पाठवणारा राजा हाच दहावा शार्ल होता.