स्ट्रीट स्टॉकचा पहिला हंगाम: इंजिनाआधी टायर बघा, या चुका टाळा

अमेरिकेतल्या गावोगावच्या छोट्या ओव्हल (लंबगोल) ट्रॅकवर शनिवारी रात्री शर्यती होतात, त्यात नवख्याला झेपणारा वर्ग म्हणजे स्ट्रीट स्टॉक. गाडी बहुतेक वेळा 1978 ते 1988 च्या काळातली जीएमची (जनरल मोटर्सची) मेट्रिक चासी, म्हणजे त्या काळातल्या मध्यम गाड्यांचा सांगाडा, असते: मॉन्टे कार्लो, मालिबू, रीगल किंवा कटलास. व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) 108 इंच, मागचा अ‍ॅक्सल लॉक केलेला, वळणं सगळी डावीकडे. पहिल्या हंगामात गुण जातात ते गाडीत ताकद कमी म्हणून नाही. शर्यत पुरी होत नाही, किंवा गाडी वळणात ऐकत नाही, म्हणून जातात. दोन्हींचा इलाज मोजमापात आहे आणि तो इंजिनापेक्षा कितीतरी स्वस्त आहे.

पैसा आधी इंजिनात ओतणं

अनेक ट्रॅकवर जीएमचं 602 क्रेट इंजिन (कारखान्यातून तयार येणारं) चालतं: 350 क्यूबिक इंच, साधारण 350 अश्वशक्ती, सील बोल्ट लावलेलं. सील तुटलेलं दिसलं की गाडी बाद, त्यामुळे आत हात घालायचा प्रश्नच नाही. पाव मैलाच्या ट्रॅकवर गाडी अर्धा वेळ वळणातच असते. तिथे पकड नसेल तर जास्तीची ताकद फक्त मागचा उजवा टायर जाळते. तोच पैसा चांगले टायर, पायरोमीटर (टायरचं तापमान मोजणारं सुईचं यंत्र), टो प्लेट (पुढची चाकं किती आत-बाहेर वळलेली आहेत ते मोजायच्या पट्ट्या) आणि वजनकाट्यांच्या भाड्याला लावा.

गाडी विकत घेण्याआधी तुमच्या ट्रॅकची नियमावली ओळ न ओळ वाचा. एका ट्रॅकवर चालणारा कार्ब्युरेटर किंवा स्प्रिंग शेजारच्या ट्रॅकवर बाद ठरू शकतो. सेटअप, म्हणजे गाडीची जुळणी, तोही उसना चालत नाही. नॉर्थ कॅरोलिनातलं बोमन ग्रे स्टेडियम फुटबॉल मैदानाभोवतीचा पाव मैलाचा सपाट ट्रॅक आहे. विस्कॉन्सिनचा स्लिंगरही पाव मैलाचाच, पण त्याची वळणं 33 अंशांनी उचललेली. एकीकडचे स्प्रिंग आणि कॅम्बर (चाकाचा उभा कल) दुसरीकडे लावले तर शनिवार वाया जाणार.

स्टॅगर अंदाजाने धरणं

लॉक केलेल्या अ‍ॅक्सलची दोन्ही चाकं एकाच गतीने फिरतात, पण वळणात उजव्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं. म्हणून मागच्या उजव्या टायरचा घेर डाव्यापेक्षा मोठा ठेवतात. या फरकाला स्टॅगर म्हणतात. हिशेब सोपा आहे: दोन चाकांमधलं अंतर भागिले वळणाची त्रिज्या, गुणिले टायरचा घेर. अंतर 5 फूट, त्रिज्या 150 फूट आणि घेर 84 इंच असेल तर उत्तर येतं 2.8 इंच. हा आकडा फक्त वळणापुरता. सरळ पट्ट्यावर तोच स्टॅगर गाडी डावीकडे ओढतो आणि टायर घासतो, म्हणून प्रत्यक्षात थोडं कमी ठेवून सुरुवात करा.

चूक होते ती मोजताना. टायर दुकानातून आणला, त्यात असेल ती हवा तशीच ठेवून टेप लावला, की आकडा खोटा. आधी शर्यतीची हवा भरा, टायर थोडा वेळ तसाच राहू द्या, मग ट्रेडच्या मधोमध, टेप कुठेही तिरका न जाऊ देता घेर मोजा आणि खडूने टायरवर लिहा. ट्रॅकवरून आल्यावर गरम असताना पुन्हा मोजा. उजवा टायर जास्त तापतो आणि जास्त फुगतो, त्यामुळे बायस-प्लाय (आतले धागे तिरके असलेल्या) टायरवर स्टॅगर शर्यतीत वाढत जातो. सुरुवातीला छान चालणारी गाडी दहा लॅपनंतर वळणातून बाहेर पडताना मागून सुटायला लागली, म्हणजे मागचे टायर पकड सोडून घसरायला लागले, तर आधी इथेच बघा.

वजन करताना घाई

प्रत्येक चाकाखाली एक असे चार वजनकाटे ठेवतात; त्यांखालची जमीन समतल हवी. चारही काटे एकमेकांशी 1/16 इंचाच्या आत जुळवा, नाहीतर पुढचे सगळे आकडे निरुपयोगी. टायरमध्ये शर्यतीची हवा, टाकीत शर्यतीइतकं पेट्रोल, सीटवर चालक किंवा त्याच्याच वजनाच्या पिशव्या, अँटी-रोल बार (वळणात गाडीचा कल कमी करणारा दांडा) एका बाजूने सोडलेला. गाडी पुढून-मागून दाबून हलवा, मग आकडे लिहा.

3,200 पौंडांच्या गाडीचं उदाहरण घेऊ: पुढचं डावं 890, पुढचं उजवं 810, मागचं डावं 838, मागचं उजवं 662. डावी बाजू 1,728 पौंड, म्हणजे 54 टक्के. पुढचं उजवं आणि मागचं डावं मिळून 1,648, म्हणजे 51.5 टक्के. हे क्रॉस वेट. ते वाढलं की गाडी घट्ट होते, नाक वळत नाही. कमी झालं की मागून सुटते. क्रॉस बदलायला फक्त मागचा डावा जॅक बोल्ट (स्प्रिंगवरचा दाब बदलणारा) फिरवत राहिलात तर गाडीची उंचीही बदलते. अर्धा बदल तिथे करा आणि अर्धा मागच्या उजव्या कोपऱ्यात उलट दिशेने. काम झाल्यावर अँटी-रोल बार परत जोडताना त्यात ताण राहू देऊ नका. तो ताण क्रॉस पुन्हा बिघडवतो आणि तेव्हा गाडी काट्यांवर नसल्यामुळे कुणाला कळतही नाही.

ज्यादा वजनासाठी शिशाचे ठोकळे लावता, ते किमान दोन अर्ध्या इंची बोल्टनी कसा, पांढरे रंगवा आणि त्यावर गाडीचा क्रमांक लिहा. ट्रॅकवर सुटलेला ठोकळा मागच्या गाडीच्या काचेत जातो.

चुकीच्या लक्षणावर औषध

नवख्या चालकांची सगळ्यात महाग चूक हीच. चालक पिटमध्ये येऊन सांगतो, "बाहेर पडताना मागून सुटते." मग क्रॉस वाढवला जातो, आणि पुढच्या फेरीत गाडी आणखी वाईट चालते. बऱ्याचदा खरा दोष वळणाच्या मध्यात असतो. तिथे नाक वळत नाही म्हणून चालक स्टिअरिंग आणखी फिरवतो. चाकं जास्त वळलेली असतानाच थ्रॉटल दिला की पुढचे टायर अचानक पकड घेतात आणि मागचा भाग झटक्यात सुटतो. दिसतं ते सुटणं, मूळ असतं घट्टपणा. म्हणून चालकाला आधी हे विचारा: वळणाच्या मध्यात हात किती फिरले होते? बाहेरून कुणीतरी पुढच्या चाकांकडे बघत असेल तर उत्तमच. चाकं गरजेपेक्षा जास्त वळलेली दिसली तर क्रॉस अर्धा टक्का कमी करून बघा.

वळणात शिरतानाच नाक सरळ जात असेल तर ब्रेकचा भार पुढे जास्त आहे का ते तपासा. शिरताना मागचा भाग सुटत असेल तर मागे जास्त आहे. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि ती लॅपच्या वेळेसह वहीत लिहा. दोन गोष्टी बदलून गाडी सुधारली तरी कशामुळे सुधारली ते कळत नाही.

टायरचं तापमान पिटमध्ये शिरताच घ्या, पुढच्या उजव्यापासून. प्रत्येक टायरवर आत, मध्ये आणि बाहेर अशा तीन ठिकाणी सुई टोचा. मधला भाग जास्त तापला तर हवा जास्त, दोन्ही कडा जास्त तापल्या तर हवा कमी. पुढच्या उजव्याची आतली कड बाहेरच्या कडेपेक्षा 10 ते 20 अंश फॅरनहाइट गरम असणं ठीक. फरक त्याहून बराच मोठा असेल तर निगेटिव्ह कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत झुकणं) जास्त झाला आहे.

आठवड्यातली तपासणी टाळणं

शर्यत पुरी न होण्याची कारणं बहुधा गॅरेजमध्येच दिसून येतात. गाडी उचला, पुढचं चाक वर आणि खाली धरून हलवा: खेळ जाणवला तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. डावीकडे-उजवीकडे धरून हलवा: खेळ असेल तर टाय रॉड. मेट्रिक चासीत पुढच्या उजव्या स्पिंडलवर (चाक ज्यावर बसतं तो भाग) सगळ्यात जास्त मार बसतो. त्यावर तडे शोधायचा लाल डाय (रंग) मारून पुसा, पांढरा डेव्हलपर फवारा; तडा असेल तर लाल रेघ उमटते. चासीवर मागच्या ट्रेलिंग आर्मचे (मागचा अ‍ॅक्सल धरणाऱ्या दांड्यांचे) कान जिथे वेल्ड केलेले असतात, तिथेही असंच बघा. दुसऱ्या गाडीला हलका धक्का लागला तरी टो आणि दोन्ही बाजूंचा व्हीलबेस पुन्हा मोजा.

चाकाचे नट सरावानंतर पुन्हा टॉर्क रेंचने कसा. नव्याने पावडर कोट केलेल्या चाकावर हे विसरूच नका, नटाखालचा रंग दबतो आणि नट ढिले होतात. ब्रेक ऑइल दर आठवड्याला ब्लीड करा, म्हणजे जुनं ऑइल आणि हवा बाहेर काढा. उघडून ठेवलेल्या बाटलीतलं ऑइल हवेतला ओलावा शोषतं, मग लवकर उकळतं आणि पेडल खाली बसतं.

वळणात ऑइल प्रेशरचा काटा खाली येत असेल तर तशीच गाडी चालवू नका. डाव्या वळणात ऑइल हे इंजिनाखालच्या पॅनच्या उजव्या बाजूला जातं, पिकअप (ऑइल खेचणारी नळी) कोरडा पडतो आणि रॉड बेअरिंग जातात. पेट्रोलचंही तेच: फ्युएल सेलमधला (शर्यतीच्या सुरक्षित टाकीतला) पिकअप मागे उजवीकडे हवा, नाहीतर टाकी निम्मी झाली की वळणातून बाहेर पडताना इंजिन अडखळतं.

तारीख उलटलेले पट्टे

एसएफआय 16.1 या सुरक्षा मानकाचे सीटचे पट्टे बनवल्यापासून दोन वर्षंच वैध असतात. जुनी गाडी घेताना पट्ट्यांवरची तारीख आधी वाचा. खांद्याचे पट्टे खांद्यापासून मागे जवळजवळ आडवे, फार तर थोडे खाली उतरते असावेत. खूप खाली बांधले तर अपघातात पाठीच्या कण्यावर दाब येतो. कमरेचा पट्टा पोटावर नको, ओटीपोटाच्या हाडांवर घट्ट हवा. हेल्मेट स्नेल या संस्थेच्या, कार शर्यतींसाठीच्या एसए मानकाचं घ्या. मोटरसायकलच्या एम मानकात आगीची चाचणी नसते. आणि हेड-अँड-नेक रिस्ट्रेंट (अपघातात डोकं-मान पुढे फेकली जाऊ न देणारं साधन) ट्रॅकने सक्तीचं केलेलं नसलं तरी घ्याच. 2001 मध्ये डेटोनाच्या शर्यतीत नामवंत चालक डेल अर्नहार्टचा अपघाती मृत्यू झाल्यानंतर त्याच वर्षी नॅस्कार या अमेरिकी शर्यत संस्थेने आपल्या वरच्या मालिकांत ते सक्तीचं केलं. छोट्या ट्रॅकची भिंतही काँक्रीटचीच असते.

पाणी

रेडिएटरमध्ये अँटिफ्रीझ घालू नका. सांडलं तर ट्रॅक निसरडा होतो आणि सहज धुतला जात नाही, म्हणून बहुतेक ट्रॅक त्यावर बंदी घालतात. साधं पाणी आणि गंजरोधक पुरतं. पण मग शेवटच्या शर्यतीनंतर, पहिल्या गोठवणाऱ्या रात्रीच्या आत, पाणी काढावंच लागतं, आणि नुसता रेडिएटरचा नळ उघडून ब्लॉक रिकामा होत नाही. स्मॉल ब्लॉक शेव्हीच्या (602 याच प्रकारचं इंजिन) दोन्ही बाजूंना, ऑइल पॅनच्या जरा वर, एकेक ड्रेन प्लग असतो. दोन्ही काढा. पाणी आलं नाही तर भोकात गाळ साचलेला असतो; तार घालून मोकळा करा आणि धार थांबेपर्यंत प्लग परत लावू नका.