वाळूवरचा तपकिरी थर कसा गेला

बेळगावात टिळकवाडीत घरी खाऱ्या पाण्याची कोरलची टाकी लावली म्हटलं की सगळे एकच विचारतात, "गोवा इतकं जवळ, समुद्राचंच पाणी आण की!" किनाऱ्यावरचं पाणी पावसाळ्यात गोडं पडतं, त्यात गाळ वेगळा. त्यापेक्षा टाकीसाठी पाकिटात मिळणारं समुद्री मीठ गोड्या पाण्यात कालवलेलं बरं.

त्रास दिला तो वाळूवरच्या तपकिरी थरानं. बोटानं पुसला की धूर उठावा तसा निघायचा, दिवा लागला की दुपारपर्यंत परत हजर. हे डायटम, म्हणजे सूक्ष्म शेवाळ; यांना सिलिकेट लागतं, आणि ते कच्च्या पाण्यात विरघळलेलं असतं. पाणी घरच्या आरओचं, म्हणजे पाणी शुद्ध करायच्या यंत्राचं होतं, पण पिण्याच्या आरओत चवीसाठी थोडं कच्चं पाणी मिसळायचा स्क्रू असतो. तो पूर्ण बंद केला, पुढं डीआय रेझिनचा, म्हणजे उरलेले क्षार शोषणाऱ्या दाण्यांचा डबा जोडला. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर शून्यावर आला. मग त्याच पाण्यानं थोडं थोडं बदलत गेलो नि थर विरला.

उन्हाळ्यात पाणी उडतं, मीठ मात्र मागंच राहतं. म्हणून भर नेहमी बिनमिठाच्या पाण्याची, घनता १.०२५ धरून. अमोनिया आणि नायट्राइट माशांना विषारी, म्हणून मासे पाण्यात ते शून्य झाल्यावरच सोडले. दुकानदार मात्र पहिल्याच दिवशी क्लाउनफिश गळ्यात मारत होता.